वस्तादाची बंद मूठ

स्मरणिकेसाठी ‘आपल्या क्षेत्रातील अनुभव’ लिहून पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा प्रथम संकोच वाटला. माझे सहाध्यायी डॉक्टर झाले, प्राध्यापक झाले, काही शासनात उच्च पदांवर पोहोचले. या अंकात त्यांचे लेख असणार. माझे क्षेत्र म्हणजे गॅरेज. या विद्यालयातून दहावी उत्तीर्ण झाल्यावर घरच्या परिस्थितीमुळे दोन वर्षे महामार्गावरील एका ट्रक-गॅरेजमध्ये, मग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, त्यानंतर एस.टी.च्या कार्यशाळेत आणि निवृत्तीनंतर मुलांना शिकविण्यात, असे माझे सारे आयुष्य पाना-हातोड्याच्या संगतीत गेले. परंतु विचारांती वाटले की, मला जे सांगायचे आहे ते याच वाचकांपुढे सांगितले पाहिजे. अन्यत्र ते जुन्या काळची गंमत म्हणून वाचले जाईल.

जुन्या मिस्त्रींच्या युक्त्यांचे हल्ली पुष्कळ कौतुक होते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले ज्ञान, हाताला असलेले डोळे, यंत्राशी बोलणारी माणसे, असे शब्द त्यांच्याविषयी वापरले जातात. हे कौतुक खोटे नाही, पण ते अर्धे आहे. ज्या ज्ञानाला आपण ‘पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले’ म्हणतो, ते काहींपर्यंत चालत आले आणि अनेकांच्या दारावरून निघून गेले, हे त्या कौतुकात येत नाही. मी दोन्ही बाजूंना उभा राहिलो आहे. प्रथम दाराबाहेर, नंतर दाराच्या आत. म्हणून या विषयावर मत देण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी मानतो.

या युक्त्यांमध्ये खरे ज्ञान आहे, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. इंजिनातून खडखड येत असेल तर लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या अंगावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून कोणते बेअरिंग बोलते आहे हे ओळखता येते. राजदूत, येझदी किंवा बुलेट यांसारख्या जुन्या मोटारसायकलींचे टायमिंग बसविताना मिस्त्री सिगारेटचा पातळ कागद पॉइंटच्या दोन टोकांत धरीत आणि चाक हळूहळू फिरवीत. कागद सुटला तो क्षण म्हणजे पॉइंट उघडल्याचा क्षण. त्या कागदाची जाडी मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांइतकी असते. इतके सूक्ष्म माप देणारे उपकरण त्या काळी रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये नव्हते, पण पानपट्टीवर ते पाच पैशांत मिळत होते. गंजून बसलेला बोल्ट तापवून त्याच्या आट्यांना मेणबत्ती टेकविली की वितळलेले मेण आपोआप आत शोषले जाते. तोच बोल्ट सोडविण्यापूर्वी किंचित आवळून पाहावा, म्हणजे गंजाची पकड तुटते.

ॲल्युमिनियमच्या पत्र्याची गोष्ट मला विशेष आवडते. वाकविताना तो तडकू नये म्हणून आधी तापवून मऊ करावा लागतो. लोखंड तापले की लाल होऊन सांगते, ॲल्युमिनियम सांगत नाही. ६६० अंश सेल्सियसला ते वितळते आणि वितळेपर्यंत त्याचा रंग जवळपास बदलत नाही, त्यामुळे नवशिका हमखास पत्र्याचा गोळा करतो. जुने कारागीर पत्र्यावर कपडे धुण्याचा साबण चोळीत आणि साबण काळा पडला की ज्योत बाजूला घेत. साबण ज्या तापमानाला करपतो त्याच्या आसपास ॲल्युमिनियम मऊ होते. ज्या कोणी हे प्रथम ताडले, त्याच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती, पण वैज्ञानिकाची नजर होती.

आता शेंदराकडे येतो.

गॅरेजमध्ये पहिल्या आठवड्यात एका जुन्या टाटा ट्रकचे डिफरन्शियल उघडले होते. वस्तादांनी एका वाटीत शेंदूर घेतला, त्यात तेल घातले आणि बोटाने तो मोठ्या दातेरी चक्राच्या दातांना लावू लागले. मी गावाकडचा मुलगा. मला वाटले, चक्राची पूजा चालली आहे, आणि या विद्यालयाच्या संस्कारामुळे मी थोडा मागे सरकलो. वास्तविक ती पूजा नव्हती. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांकडे वळविणारी दोन दातेरी चक्रे असतात, मोठे क्राउन आणि लहान पिनियन. त्यांचे दात एकमेकांवर नेमके कोठे टेकतात हे डोळ्यांनी दिसत नाही. दातांना शेंदूर लावून चक्रे फिरविली की जेथे दात टेकतो तेथला शेंदूर पुसला जातो आणि एक ठसा उमटतो. तो ठसा वाचून पिनियनखालच्या पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम, घालायच्या की काढायच्या आणि क्राउन कोणत्या बाजूला सरकवायचे, हे ठरते. ठसा चुकीचा वाचला तर डिफरन्शियल घाटात रडते आणि काही महिन्यांत दात तुटतात.

त्या परिसरात हा ठसा वाचणारे वस्ताद एकटेच होते. लांबलांबून ट्रक येत. आणि नेमका ठसा उमटण्याची वेळ आली की वस्ताद मान वर न करता म्हणत, “पोरा, चहा घेऊन ये.” मी चहा घेऊन परत येई तेव्हा झाकण बसलेले असे. महिन्यातून चार-पाच डिफरन्शियल येत आणि चार-पाचदा चहा येई. आम्ही तिघे शिकाऊ होतो, तिघांनाही काही ना काही आणायला पाठविले जाई. वस्तादांचा भाचा मात्र चहा आणायला कधी गेला नाही. मला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या दिवशी मला गाव विचारले गेले, नंतर वडिलांचे नाव, नंतर आडनाव. आडनाव ऐकल्यावर “तू बाहेरची कामे बघ” असे सांगण्यात आले. बाहेरची कामे म्हणजे गाड्या धुणे, पंक्चर काढणे, स्प्रिंगपाट्यांना ग्रीस भरणे. कोणी अपशब्द वापरला नाही. पाण्याचा माठही एकच होता. केवळ हत्यारांच्या पेटीपर्यंतचे अंतर माझ्यासाठी इतरांपेक्षा जास्त ठेवले होते.

मी तो ठसा प्रथम पाहिला तो आरशात. दुरुस्तीला आलेल्या दुसऱ्या ट्रकचा बाजूचा आरसा मी एका दुपारी पुसत होतो. पुसता पुसता तो असा फिरला की त्यात वस्तादांचे हात आणि चक्राचे दात दिसू लागले. त्यानंतर गॅरेजमधल्या कुठल्या ना कुठल्या ट्रकचा आरसा नेहमी अस्वच्छ असे आणि मला तो पुसावाच लागे. दीड वर्ष मी आरशातून शिकलो. आरशात डावे-उजवे उलट दिसते, त्यामुळे रात्री झोपण्यापूर्वी सगळे मनात पुन्हा उलटे करून घ्यावे लागे.

पुढे एस.टी.त असताना एका निर्मात्याची इंग्रजी दुरुस्ती-पुस्तिका माझ्या हाती आली. ती वरिष्ठांच्या कपाटात कुलपात असे, आणि मी ती मागून घेतली तेव्हा कपाट उघडणाऱ्याला थोडे नवल वाटले. आत शेंदराचा ठसा होता. चार चित्रे, प्रत्येकाखाली एक ओळ. ठसा दाताच्या आतल्या अरुंद टोकाला असेल तर काय करावे, बाहेरच्या रुंद टोकाला असेल तर काय, माथ्याला असेल तर काय, मुळाशी असेल तर काय. ज्या विद्येसाठी मी दीड वर्ष आरसे पुसले ती एका पानावर छापलेली होती. त्या दिवशी मला प्रथम वस्तादांचा राग आला, आणि थोड्याच वेळाने आपला राग चुकीच्या माणसावर आहे असे वाटू लागले. वस्तादांना अक्षरओळख नव्हती. ते पान त्यांच्यापासूनही कोणीतरी कुलपात ठेवले होते. जे अभियंत्यांनी चित्र काढून सांगितले होते ते या माणसाने शेकडो चक्रे उघडून स्वतःच्या बोटांनी शोधले होते. पुस्तिकेत लिहिले होते की, भार नसताना ठसा किंचित आतल्या टोकाकडे असावा, कारण भार आल्यावर तो बाहेर सरकतो. वस्ताद भाच्याला हेच सांगत, “रिकामी गाडी आत, भरली गाडी बाहेर.” मी ते ऐकले होते, पण त्याचा अर्थ मला पुस्तिकेने सांगितला.

वस्तादांनी हात का झाकला, हे मला आज समजते. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हते, निवृत्तिवेतन नव्हते, गॅरेजही त्यांचे स्वतःचे नव्हते. मालक त्यांना ठेवून घेई तो त्या ठशामुळे. ती युक्ती हीच त्यांची एकमेव मालमत्ता होती, आणि तिची दुसरी प्रत निघाली की तिची किंमत अर्धी होणार होती. भुकेपोटी झाकलेली मूठ आणि अहंकारापोटी झाकलेली मूठ यांत फरक केला पाहिजे. पण मूठ कोणाच्या तोंडावर जास्त घट्ट मिटते, हाही प्रश्न आहेच, आणि त्याचे उत्तर वस्तादांच्या गरिबीत सापडत नाही.

१२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली. तेथील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे भाषण आपण ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन शत्रूंच्या उल्लेखासाठी लक्षात ठेवतो. त्याच भाषणात त्यांनी एका रोजच्या, जमिनीवरच्या गोष्टीकडे बोट दाखविले होते. रेल्वेतील आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. कार्यशाळेत असला तर ओझी उचलतो. मेकॅनिक किंवा फोरमनच्या जागेपर्यंत तो क्वचितच पोहोचतो. पुढे १९४२ साली व्हाइसरॉयना सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या मुलांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या आणि सरकारी छापखाने व रेल्वे कार्यशाळांत उमेदवार म्हणून प्रवेश मागितला. कायद्याचा एवढा मोठा पंडित कार्यशाळेतील उमेदवारीचा तपशील मागत होता, याचे कारण उघड आहे. यंत्रापाशी उभे राहू दिल्याशिवाय यंत्र शिकता येत नाही.

मुंबईच्या कापडगिरण्यांचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण तेथे एक युक्तीच कुंपण झाली. मागावरील धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्राला तोंड लावून ओढून घेई. क्षणाचे काम. कामाचा वेग राखण्याची ही युक्ती जुन्या विणकराकडून नव्या विणकराकडे जात असे. आता एकाच धोट्याला एका पाळीत एकाचे आणि दुसऱ्या पाळीत दुसऱ्याचे तोंड लागणार. म्हणून अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना विणखात्यात प्रवेश नव्हता. त्यांना सूतकताईच्या खात्यात कमी मजुरीवर राहावे लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरला. लक्षात घेण्यासारखी बाब अशी की, तोंडाने ओढण्याची ही रीत सर्वांच्याच आरोग्याला घातक होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली कायद्याने तिला बंदी केली, आणि तोंड न लावता धागा ओवता येईल असे धोटे तोपर्यंत तयारही झाले होते. म्हणजे साधन बदलले असते तर विणकराची छाती वाचली असती आणि कुंपणाचा आधारही गेला असता. पण युक्ती ‘पूर्वापार’ होती.

पूर्वापार या शब्दाविषयी म्हणूनच मी सावध असतो. कार्यशाळेतील काही युक्त्या पुरून टाकण्याच्याच लायकीच्या आहेत. आम्ही टाकीतले पेट्रोल रबरी नळीला तोंड लावून ओढत असू आणि त्यात पुरुषार्थ मानीत असू. पेट्रोलने हात धुण्याची पद्धत तर सार्वत्रिक होती. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिशाचे विष होते आणि ते कातडीतून आत जात असे, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. ब्रेकच्या ड्रममधील धूळ हवेच्या पाइपने फुंकून काढणे हा आणखी एक वारसा. त्या धुळीत ॲस्बेस्टॉस असे. गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची युक्ती या मानाने निरुपद्रवी म्हणावी लागेल. बारीक छिद्रे ती खरोखरच बुजविते आणि गाडी घाट उतरून गावाला लागते. परंतु तीच हळद रेडिएटरच्या आतील नळ्याही बुजविते, हे सांगणारा मिस्त्री मला फार उशिरा भेटला. हळद टाकणारे बरेच भेटले होते.

येथे माझा मुद्दा येतो. युक्ती आणि अंधश्रद्धा बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्ही ‘असेच करतात’ या वाक्याने दिल्या जातात. त्यांना वेगळे करणारी गोष्ट एकच, ती म्हणजे कारण विचारण्याची मुभा. ज्या युक्तीचे कारण विचारता येते तिची मर्यादा कळते, ती सुधारता येते, गरज संपली की टाकून देता येते. ज्या युक्तीचे कारण विचारू दिले जात नाही ती वस्तादाबरोबर मरते, किंवा त्याहून वाईट म्हणजे कारण गमावून जिवंत राहते.

रेल्वे कार्यशाळांतील तेल आणि खडूची युक्ती पाहा. आस किंवा दांड्यात केसाएवढी भेग असेल तर ती डोळ्याला दिसत नाही, आणि धावत्या गाडीखाली तीच भेग आस मोडते. जुने कारागीर तो भाग रॉकेल मिसळलेल्या तेलात भिजत ठेवीत, नंतर कोरडा पुसून त्यावर खडूची पांढरी भुकटी लावीत. भेगेत शिरलेले तेल हळूहळू बाहेर पाझरे आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटे. ही युक्ती कोणाच्या मुठीत राहिली नाही. ती का चालते हे विचारले गेले, तेलाऐवजी अधिक पाझरणारे रंगीत आणि चमकणारे द्रव शोधले गेले, आणि १९४० च्या दशकापासून विमानांचे भाग याच तत्त्वावर तपासले जाऊ लागले. आजही विमानाच्या इंजिनाचे पाते तपासणारा तंत्रज्ञ, नावे बदलली तरी, तेल आणि खडूचाच खेळ खेळतो. सहाणेचे चाक यंत्रावर चढविण्यापूर्वी लाकडाने टिचकी मारून त्याचा नाद ऐकण्याची रीतही अशीच. नाद खणखणीत आला तर चाक अखंड, बद्द आला तर तडा. ती आता सुरक्षेच्या छापील नियमांत आहे आणि त्यामुळे कितीतरी डोळे वाचले असतील. उघड्या हाताने दिलेल्या युक्त्यांचे हे असे होते.

शिक्षकाच्या मुठीसाठी पाली भाषेत ‘आचरियमुट्ठि’ असा शब्द आहे. महापरिनिब्बान सुत्तात, आयुष्याच्या अखेरीस, तथागत आनंदाला सांगतात की, आपण शिकविताना अशी मूठ कधीच मिटून ठेवली नाही. हा प्रसंग मी या विद्यालयातच प्रथम ऐकला होता. त्या वयात तो धम्माविषयी आहे असे वाटले. दोन वर्षांनी गॅरेजमध्ये चहाची किटली हातात धरून उभा असताना तो मला पुन्हा आठवला.

आता पालकांविषयी. मी मुलांना कार्यशाळेची गोडी लावण्याविषयी बोलू लागलो की पालकसभेत एक शांतता पसरते. ती मला ओळखीची आहे. एका मातेने ती शब्दांत मांडली होती, “आमच्या सासऱ्यांनी जन्मभर ओझी उचलली, मालकांनी वर्कशॉप झाडले. लेकराला इथे ठेवले ते त्याचे हात पुन्हा काळे करायला?” या प्रश्नाला झटकन उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. आपल्या समाजाला श्रमाची थोरवी ऐकविणारे पुष्कळ झाले, आणि त्यांतील बहुतेकांची मुले शिकायला परदेशी गेली. जातीने नेमून दिलेले काम आणि निवडलेले कौशल्य यांतला फरक पुसून टाकणाऱ्या कोणत्याही गोड भाषणाला त्या माउलीने असेच विचारावे.

पण मी त्यांना एवढेच सांगेन की, आपल्या पूर्वजांना काळे हात नाकारलेले नव्हते, ते तर भरपूर दिले होते. नाकारले होते ते हत्यार, मोजमाप आणि कारण. ओझे आपल्याकडे आले आणि ठसा दुसऱ्याकडे राहिला. मुलाने अभियंता व्हावे ही इच्छा योग्यच आहे. मात्र निवृत्तीनंतर शिकविताना मला असे पदवीधर भेटले आहेत ज्यांनी बेअरिंगचे सूत्र पाठ केले, पण बिघडलेल्या बेअरिंगचा आवाज कधी ऐकला नव्हता. त्यांच्यापुढे तोच आरसा येतो, फक्त उलट्या बाजूने.

काळ बदलला आहे, हेही मान्य. ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. घाटात पेट्रोलपंपावर ओले फडके टाकून बसलेले ड्रायव्हर आता दिसत नाहीत. सिगारेटचा कागद धरायला पॉइंटच उरले नाहीत. विजेवर चालणाऱ्या गाडीत शेकडो व्होल्टचा दाब असतो. तेथे जुन्या धिटाईने हात घालणारा मिस्त्री जिवाला मुकेल. पण त्या गाडीलाही बेअरिंग आहे, तिच्याही चाकांकडे शक्ती दातेरी चक्रांतूनच जाते. आणि ज्याला ‘का’ विचारण्याची सवय आहे तो नवे यंत्र लवकर शिकतो, हे मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे.

गेल्या हिवाळ्यात विद्यालयाच्या विहिरीवरील पंप आवाज करू लागला म्हणून व्यवस्थापकांनी मला बोलावले. नववीच्या वर्गाची मुले-मुली भोवती जमली. मी स्क्रू-ड्रायव्हर मोटारीच्या एका टोकाला लावून ऐकले, मग दुसऱ्या टोकाला, आणि मग तो एकेकाच्या हातात दिला. पंख्याच्या बाजूचे बेअरिंग गेले होते. सात जणांपैकी पाच जणांनी ते बरोबर ओळखले. एका मुलीने विचारले, “सर, लोखंडातून आवाज जास्त का येतो?” मी सांगितले की, घन पदार्थातून कंपने सरळ हाडापर्यंत पोहोचतात, मध्ये हवेत विरत नाहीत. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “मग डॉक्टरांच्या नळीत हवा का असते?” चाळीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. उत्तरासाठी आम्ही दोघे विज्ञानाच्या सरांकडे गेलो.

त्या दिवसापासून माझ्या मनात एक वही आहे. विद्यालयाने ती सुरू करावी अशी माझी विनंती आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांत फिटर आहेत, वेल्डर आहेत, रेल्वेत, एस.टी.त, साखर कारखान्यात, वीज मंडळात काम केलेले आहेत. पालकांत गवंडी आहेत, सुतार आहेत, शिलाईकाम करणाऱ्या माता आहेत. प्रत्येकाने एक युक्ती लिहून द्यावी. लिहिता येत नसेल त्यांनी सांगावी, मुले लिहून घेतील. काय करतात, का चालते, कुठे चालत नाही आणि कोणाला इजा होऊ शकते, एवढे प्रत्येक नोंदीत असावे. ‘का’चे उत्तर माहीत नसेल तर ती जागा कोरी ठेवावी. विज्ञानाचे सर आणि मुले ती भरतील. दातेरी चक्राच्या मधले घट्ट बुश ग्रीस भरून ठोकून काढण्याची युक्ती आणि पाठ्यपुस्तकातला पास्कलचा नियम एकाच पानावर आलेले मला पाहायचे आहेत.

वस्तादांना मी शेवटचे भेटलो तेव्हा ते थकले होते. गॅरेज बंद झाले होते आणि भाच्याने दुसरा धंदा धरला होता. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, “तुला शेंदूर वाचता येतो म्हणे. कोणी शिकवला?” मी म्हणालो, “वस्ताद, तुम्हीच. आरशातून.” ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “आरशात घोटणी दिसली नसेल.” आणि वाटी नसल्याने त्यांनी तळहातावरच बोट फिरवून मला शेंदूर किती घट्ट कालवायचा ते दाखविले. पातळ झाला तर ठसा पसरतो, घट्ट झाला तर उमटतच नाही. हे पुस्तिकेत नव्हते.

वहीतली पहिली नोंद मी येथेच देतो. शेंदूर पानाला लावायच्या चुन्याइतका घट्ट कालवावा. क्राउनच्या आठ-दहा दातांना दोन्ही अंगांनी पातळ लावावा. क्राउनवर लाकडाचा दाब ठेवून पिनियन दोन्ही दिशांनी फिरवावा. ठसा आतल्या अरुंद टोकाला फार गेला असेल तर क्राउन पिनियनपासून दूर न्यावे, बाहेरच्या टोकाला असेल तर जवळ आणावे. माथ्याला असेल तर पिनियन आत घ्यावे, मुळाशी असेल तर बाहेर काढावे. ठसा मध्यापासून किंचित आत राहील असा ठेवावा, कारण भार आल्यावर तो बाहेर सरकतो. शेंदूर म्हणजे शिशाचे विष आहे; शक्य असेल तर त्याऐवजी निळी पेस्ट वापरावी, आणि शेंदूरच वापरला तर साबणाने हात धुतल्याशिवाय चहा पिऊ नये.